अंकितानंतरचं नाव

निवासी शाळा, मोखाड्याच्या पुढे
९ जुलै २०२४

चि. शकू हिस,
अनेक आशीर्वाद.

इथे येऊन महिना होत आला. मोबाईलला रेंज शाळेमागच्या टेकडीवर चढलं की येते, तीही वाऱ्याच्या मर्जीने. म्हणून हे पत्र. पण रेंज असती तरी मी तुला पत्रंच लिहायला लावली असती. तुझं शेवटचं वर्ष आहे, पेपर भरपूर लिहावे लागतात आणि तुला चार ओळी लिहिल्या की जांभई येते. तेव्हा दर पंधरवड्याला मला दोन पानं लिहायची. कबड्डीवर लिहिलंस तरी चालेल.

इथल्या मुलांना मी आपल्या घराबद्दल सांगते. बाबा मिठागरात काम करायचे, मिठागर गेलं, आता कंटेनर यार्डात वॉचमन आहेत, आणि तरी त्यांच्या दोन्ही मुली कॉलेजात गेल्या. मग मी खिळ्याची गोष्ट सांगते. तुला आठवते ना? माझा पदवीचा फोटो भिंतीवर लावला त्या दिवशी बाबांनी शेजारी दुसरा खिळा ठोकला. आई म्हणाली, "रिकामा खिळा बरा नाय दिसत." बाबा म्हणाले, "रिकामा नाय हाय तो. शकूचा हाय."

कॉलेजने तुला कबड्डीसाठी घेतलं, त्यात कमीपणा काही नाही. पण पदवी तुला तुमचे कबड्डीचे दिनानाथ सर आणून देणार नाहीत, ती तुलाच घ्यायची आहे. तुझा नंबर हजेरीपटावर तुझ्या मैत्रिणीच्या, अंकिताच्या लगेच मागे आहे. बाकी काही जमलं नाही तर निदान तिच्या शेजारी जाऊन बसत जा.

तुझी,
रोहिणी


करंजाडे गावठाण
२ ऑगस्ट २०२४

ति. ताईस,
शि. सा. न. (हे काय असतं ते अंकिताने सांगितलं. माझ्या नमस्काराचे पण तुकडे करायचे का?)

ताई, तू पत्रात पण खडू घेऊनच उभी असतेस. पण लिहिते.

सकाळी मैदान, संध्याकाळी मॅट. मधे कॉलेज असतं, पण तेव्हा झोप येते. परवा अंकिताने ओढून वर्गात नेलं. बाईंनी विचारलं, "तू कोण? नवीन आलीस का?" सगळी पोरं हसली. अंकिता म्हणाली, "बाई, ही शकुंतला भोईर. पहिल्या वर्षापासून आहे." बाई म्हणाल्या, "नाव रोज वाचते गं. चेहरा आज पाहिला."

मला भूगोल घ्यायचा होता, तुला माहीत आहे. सर म्हणाले, त्याला प्रात्यक्षिक असतं आणि ते बरोबर सरावाच्या वेळेत येतं. त्यांनीच दुसरा विषय भरून टाकला. तो पण बरा असेल, अजून पुस्तक घेतलेलं नाही.

डाव्या कोपऱ्यात आता मी पक्की. चढाई करणारी पाय पुढे टाकते ना, तो जमिनीला लागायच्या आत घोटा धरायचा. अंगठा आतून, बोटं बाहेरून. सर म्हणतात, "भोईर, तुझी बोटं म्हणजे कुलूप." विद्यापीठाच्या संघासाठी माझं नाव जाणार आहे. बाबांना सांगितलं तर त्यांनी नाक्यावर चहा पाजला सगळ्यांना.

दोन पानं झाली का? मी अक्षर मोठं काढलंय.

तुझी,
शकू


निवासी शाळा
२० ऑगस्ट २०२४

चि. शकू,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. अक्षर मोठं काढून पानं भरलीस ते कळलं, पण माफ.

विषय सरांनी का निवडायचे, हे मला पटलं नाही. तरी झालं ते झालं. नोव्हेंबरमध्ये पाचव्या सत्राची परीक्षा आहे, तेव्हाच सामने आले तर आधीच कॉलेजशी बोलून ठेव. गरज पडली तर थेट प्राचार्यांकडे जा. माझ्या निरोप समारंभात त्यांनी बाबांना हार घातला होता आणि मला म्हणाले होते, "रोहिणी, तुझ्यासारख्या मुलींमुळे कॉलेज कॉलेज राहतं. कधीही काही खटकलं तर सरळ मला लिही." असा माणूस आपलं ऐकतो.

रोहिणी


करंजाडे गावठाण
२२ डिसेंबर २०२४

ति. ताईस,
शि. सा. न.

पत्राला फार उशीर झाला. विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली, हे बाबांनी फोनवर सांगितलंच असेल. आधी शिबिर, मग सामने, असं सगळं घराबाहेरच गेलं. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. आपल्या कॉलेजची मी एकटीच होते. गेटवर माझ्या फोटोचा बॅनर लावलाय. त्यावर प्राचार्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा आहे, पण आहे.

परीक्षा त्याच दिवसांत आली. मी पेपर दिले नाहीत. काळजी करू नकोस, खेळाडूंची परीक्षा जानेवारीत वेगळी घेतात. सरांनी सांगितलंय, "तू पकडीकडे बघ, बाकी मी बघतो." हजेरी पण तेच बघतात. सामन्यांच्या दिवसांचीच नव्हे, सगळ्याच दिवसांची लागते. आम्हां सगळ्या खेळाडूंची.

घरी सगळे बरे आहेत. मी पण.

तुझी,
शकू


निवासी शाळा
६ जानेवारी २०२५

चि. शकू,
आशीर्वाद.

पाकीट उघडलं आणि बघतच राहिले. किती सरळ, किती गोल अक्षर. ऱ्हस्वदीर्घसुद्धा जागेवर. सातवीच्या मुलींना पत्र लांबून दाखवलं आणि म्हटलं, बघा, माझी बहीण खेळाडू आहे, पण मनावर घेतलं तर सरावाने अक्षर कसं सुधारतं. मला माझ्या दोन पानांच्या हट्टाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

बॅनरचं वाचून मी शाळेत पेढे वाटले असते, पण इथे पेढे मिळत नाहीत. गूळ वाटला.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. वर्गात नसताना हजेरी कशी लागते? ही मेहेरबानी नाही, शकू. तुला शिकवायचं नाही असं ठरवून तुझ्या नावापुढे केलेली ती खूण आहे. नीट कळव, हे कसं चालतं.

रोहिणी


करंजाडे गावठाण
२७ जानेवारी २०२५

ताई,

हे अक्षर बघून कळलं असेल. मागचं पत्र अंकिताने लिहिलं होतं. मी सांगत होते, ती लिहीत होती. सातवीच्या मुलींना सांगू नकोस.

उपांत्य सामन्यात एका पोरीचा घोटा सापडला. मी सोडला नाही, तिने गुडघा फिरवला आणि माझं उजव्या हाताचं मधलं बोट मागं गेलं. आवाज आला. संघाबरोबर दिनानाथ सरच आले होते. त्यांनी शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधलं आणि म्हणाले, "पकड झाली ना? मग आता थोडाच खेळ राहिलाय." मी खेळले. पनवेलला आल्यावर डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी प्लास्टर घालायला हवं होतं, आता हाड वाकडंच बसलंय. आई म्हणाली, "रोहिणीला नको कळवू, ती तिकडं एकटी हाय." म्हणून नाही कळवलं.

जानेवारीची परीक्षा दिली. एक पान लिहिलं की बोट सुजतं. पहिला पेपर अर्धा लिहिला, बाकीचे त्याहून कमी. सर म्हणतात, राहिलेले विषय नंतर पुन्हा देता येतात, आधी सहाव्या सत्राला बस. आणि बसायला हजेरी लागते, ती आहेच. कसं चालतं विचारलंस ना? सर नावं देतात, ऑफिसात खुणा होतात. बस्स. आता माझ्याकडं तेवढंच आहे, ताई. ती हजेरी आहे म्हणून मी अजून कॉलेजात आहे.

पण एक ऐक. सामने संपल्यापासून मी खरंच वर्गात बसते. अंकिता जेवणाच्या सुट्टीत मला शिकवते. बाई परवा म्हणाल्या, "भोईर, आता चेहरा पाठ झाला." डाव्या हातानं पण लिहून बघते. हे पत्र दोन दिवस लिहितेय.

शकू


निवासी शाळा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शकू,
आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन टेकडीवर गेले. तुला फोन लावायचा होता. रेंज आली, पण फोन न लावताच उतरले. तू मोडलेल्या बोटाने परीक्षेला बसलीस आणि मी मुलींना तुझं अक्षर दाखवत होते.

तुला न विचारता एक काम केलंय. प्राचार्यांना सविस्तर पत्र लिहिलं. स्वतःच्या नावाने, त्यांची विद्यार्थिनी म्हणून. दिनानाथ सरांवर राग काढलेला नाही. एवढंच लिहिलं, की खेळाडूंना न शिकवता हजर दाखवलं जातं आणि यात त्यांचंच नुकसान आहे. त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग ठेवा, सामन्यांत परीक्षा बुडाली तर तयारीला वेळ द्या, दुखापत झाली तर लेखनिक द्या. आणि हजेरी खरी ठेवा.

मी रोज फळ्यावर मुलांना खरं बोला म्हणून लिहून देते. घरातल्या गोष्टीत गप्प बसले तर उद्या फळ्यासमोर कशी उभी राहू? ते ऐकतील. संध्याकाळचे वर्ग सुरू झाले की मला कळव.

रोहिणी


करंजाडे गावठाण
१५ मार्च २०२५

ताई,

वर्ग सुरू नाही झाले.

सोमवारी जिन्याखालच्या फळ्यावर नावं लागली. खेळाडूंची हजेरी तपासली, खोटी होती ती सगळी रद्द केली. मी खरी बसले ती सामन्यांनंतरचीच, ती वर्षभराच्या हिशोबात पुरत नाही. ज्यांची नावं फळ्यावर आहेत त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. तिसऱ्या वर्षाच्या आम्ही सगळ्या आहोत त्यात.

मितेश नाही. तो चढाईचा पोरगा, दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्याएवढा पण वर्गात दिसत नाही. त्याची हजेरी आजारपणात धरली. मी सरांना विचारलं, तो कधी आजारी होता? सर म्हणाले, "भोईर, त्याला अजून पुढचं वर्ष खेळायचंय." माझं खेळून झालंय. सर वाईट नव्हते बोलत. समजावून सांगत होते.

तू म्हणाली होतीस तशी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी बस म्हटलं, पाणी दिलं. मी बोट दाखवलं. म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा, बाळ." मग म्हणाले, "तुझी बहीण किती प्रामाणिक मुलगी आहे. तिने आमचे डोळे उघडले. तिला माझे आशीर्वाद कळव."

कळवले.

बाहेर कुणाला माहीत नाही पत्र कुणी लिहिलं. पोरी कपडे बदलायच्या खोलीत बसून त्या माणसाला शिव्या देत होत्या. कुणाला वाटतं दुसऱ्या कॉलेजचं काम, कुणाला वाटतं बाईंचं. एकीनं माझ्याकडं बघितलं, तू का गप्प? मग मी पण दिल्या. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं दिल्या.

घरी सांगितलं नाही.

शकू


निवासी शाळा
२४ मार्च २०२५

शकू,

मी येते. इथे मुलांची परीक्षा चालू आहे, ती झाली की लगेच. विद्यापीठात जाऊ, पेपरात देऊ, कुणीतरी ऐकेल. मी प्राचार्यांना पुन्हा लिहिलंय, की मी दार उघडायला सांगितलं होतं, बंद करायला नाही. उत्तर आलेलं नाही.

मी खरं तेच लिहिलं होतं. एक शब्द वाढवला नव्हता. त्यांनी माझ्या पत्रातलं एकच वाक्य घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं. हे असं होऊ शकतं, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

तू मला शिव्या दिल्यास ते बरं केलंस. पुन्हा द्याव्याशा वाटल्या तर इथे लिहून पाठव. मी वाचेन.

रोहिणी


करंजाडे गावठाण
४ मे २०२५

ताई,

आता येऊ नको. तू आलीस की बाबा विचारणार, कशाला आलीस. मग सगळंच बाहेर येणार, पत्र कुणी लिहिलं ते पण. गावात दोन पोरी माझ्याबरोबर अडकल्यात. त्यांच्या घरचे आपल्या दारात उभे राहतील. आईला ते झेपणार नाय.

परीक्षा झाली. माझी नाय, कॉलेजची. बाबांना वाटतं माझी पण. प्रत्येक पेपरला आईनं हातावर दही घातलं, बाबांनी यार्डात उशिरा येतो सांगून स्कूटरवर सोडलं. गेटपर्यंत सोडून ते जात नाहीत, ताई, आत जाईपर्यंत थांबतात. मी आत जायची, सायकलस्टँडमागं बसायची, ते वळले की बाहेर. मग पनवेलच्या एसटी स्टँडवर. पेण, अलिबाग, महाड, कुठल्या गाडीला गर्दी ते बघायचं. वेळ झाली की परत गेटवर. बाबा विचारायचे, "सोपा होता काय?" मी म्हणायची, "लांब होता."

अंकितानं सांगितलं, तिच्या मागचा बाक रोज रिकामा होता. माझा नंबर खडूनं लिहिलेला होता म्हणे बाकावर. कुणी पुसायचं विसरलं.

निकालाच्या दिवशी मी सांगीन बाबांना. तू सांगू नको.

शकू


करंजाडे गावठाण
१८ फेब्रुवारी २०२६

ताई,

गणपतीत तू आलीस तेव्हापासून फोनवर तू फक्त एकच विचारतेस, पुन्हा प्रवेश घेणार का. म्हणून फोनवर नाय बोलत. लिहिलेलं बरं. बोट थंडीत दुखतं, पण लिहिता येतं. तीन तासांचं पण लिहिता आलं असतं आता.

गावातल्या हितेशदादाच्या कंपनीत काम करते, ते आईनं सांगितलंय तुला. लग्नं, वाढदिवस, पुढाऱ्यांचे कार्यक्रम. काळा टीशर्ट, पाठीवर बाउन्सर लिहिलेलं. बायकांना आवरायला बायका लागतात. आमच्यातल्या चौघी कबड्डीच्या हायत. दादा म्हणतो, "पोरी, तुमच्याएवढी पकड कुणाची नाय." निकालाच्या दिवशी बाबांना सांगितलं, परीक्षेला बसलेच नव्हते. आता खिळ्याला छत्री अडकवतात. ते रागानं नाय करत. जागा जवळ पडते दाराला.

मागच्या शनिवारी दादानं सांगितलं, नवीन पनवेलच्या हॉलवर ड्युटी हाय, कॉलेजचा कार्यक्रम. कुठलं कॉलेज ते मी विचारलं नाय. गेले तर आपलं. पदवी वाटायचा समारंभ. दोघी गेटवर, मी आतल्या दारावर. निमंत्रण नसेल त्याला आत सोडायचं नाय, एवढंच काम.

अंकिता आली काळ्या झग्यात. मला बघून थांबली. म्हणाली, "शकू, मी जात नाही आत." मी म्हटलं, "जा, नायतर उचलून टाकीन." तिची आई हसली, मग रडली, मग आत गेली.

दिनानाथ सर आले. बरोबर एक पोरगी, पहिल्या वर्षाची, दोन वेण्या, खाडीकडच्या खारपट्टीतल्या कुठल्यातरी गावची. सरांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांना आनंद झाला, ताई. खरा. म्हणाले, "मनस्वी, ही बघ शकू भोईर. विद्यापीठाला खेळलेली. डावा कोपरा. भोईर, हिला जरा बोटं कशी ठेवायची दाखव." मी दाराशीच दाखवली. अंगठा आतून, बोटं बाहेरून. तिनं माझं मधलं बोट बघितलं. "दुखतं का?" म्हणाली. मी म्हटलं, नाय. मग तिनं विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या साली पास झाला?"

सर समोर उभे होते. छताकडं बघत होते.

मी म्हटलं, "मागच्या वर्षी."

तू मुलांना फळ्यावर काय लिहून देतेस ते माहिताय मला. पण त्या पोरीला दुसरं सांगितलं असतं तर ती कबड्डी सोडून घरी गेली असती, आणि घरी तिला काय हाय? सर गेल्यावर मी तिला मागून हाक मारली. म्हटलं, विषय कुठला घेतलास? म्हणाली, "सरांनी दिलाय." मी म्हटलं, तुला कुठला पायजे होता? तिनं सांगितला. मग आतून टाळ्या झाल्या आणि ती पळाली.

दार बंद करून मी बाहेर उभी राहिले. नावं ऐकू येत होती. हजेरीच्या क्रमानं घेत होते. अंकिताचं आलं. मला माहीत होतं काय होणार, तरी पाठ सरळ केली मी.

"अंकिता दिनकर भोईर," म्हणाले. टाळ्या झाल्या. आणि लगेच पुढचं नाव, एका घरतांच्या पोराचं. मधे कुणी थांबलं नाय.

तेवढ्यात दोन बाया निमंत्रणाशिवाय आत घुसायला बघत होत्या. त्यांना हात आडवा घातला.

तुझी,
शकू